तळमजल्याचं मीटर

३ ऑगस्ट, रविवार

आजच्या सभेत वीजबचतीचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे कोणाला काही मतच नव्हतं म्हणून. अध्यक्ष नेहमीप्रमाणे हनुवटी छातीवर टेकवून झोपले होते. मी "अनुमोदन?" असं शाळेतल्या आवाजात विचारलं, तेव्हा दचकून त्यांचा हात वर गेला. तेच अनुमोदन म्हणून मी लिहून घेतलं.

वीज कार्यालयाने आमच्या रस्त्यावरच्या इमारतींची स्पर्धा लावली आहे. नोव्हेंबरअखेरपर्यंत जी इमारत सगळ्यात जास्त बचत करील तिला ढाल, आणि तिथल्या प्रमुखाला गावभरच्या वसाहतींत भाषणं द्यायला बोलावणार. समोरच्या इमारतीत ही जबाबदारी कोणाकडे, तर माझ्याच शाळेतल्या उपमुख्याध्यापिकेकडे. मी मुख्याध्यापिका असताना या बाईंना साधं वेळापत्रक लावता येत नव्हतं. एका वर्गात दोन शिक्षक आणि शेजारच्या वर्गात एकही नाही, अशी त्यांची ख्याती. त्या भाषणं देणार आणि मी खाली बसून टाळ्या वाजवणार? शक्य नाही.

मी जिन्यापाशी फलक लावणार आहे. दर रविवारी जिन्याखालची मीटरं वाचायची आणि प्रत्येक घरापुढे कागदाची टिकली चिकटवायची. कमी वापर हिरवी, मध्यम पिवळी, उधळपट्टी लाल. घरी येऊन यांना सांगितलं, तर म्हणाले, "लोकांना वाईट वाटेल."

वाईट वाटावं म्हणूनच तर लावायचा! जन्म नकाशे काढण्यात गेला यांचा. कागदावरच्या रेषा कधी उलट बोलत नाहीत, त्यामुळे माणसं कशी हाकायची असतात ते यांना ठाऊकच नाही.

१० ऑगस्ट, रविवार

फलक लागला. सकाळपासून जो तो खाली उतरून आधी दुसऱ्याची टिकली बघतो आणि मग स्वतःची. या लोकांना सुधारायचं तर उपदेश उपयोगाचा नाही, शेजारी हवा.

दातांची डॉक्टरीण लाल. तिच्या दोन्ही मुली वेगवेगळ्या खोल्यांत बसून वेगवेगळे एसी लावून एकाच वर्गाचा अभ्यास करतात. व्यायामशाळावाला लाल. दिवसभर लोकांना लोखंड उचलायला लावतो आणि घरी आल्यावर टीव्हीचं बटण बंद करायला याच्या दंडात बळ नाही. अध्यक्ष लाल. ते झोपतात, पंखा जागा असतो. तळमजल्यावरची शिवणवाली लाल, त्यात नवल काय. मोटार जोडलेलं मशीन, इस्त्री, भला मोठा दिवा, आणि टीव्ही म्हणे "सोबतीला".

आणि आमचं घर पिवळं. मी मीटर दोनदा वाचलं. पिवळंच. यांचा वाचायचा दिवा! पुस्तक छातीवर ठेवून डोळे मिटतात आणि दिवा छताला उजेड दाखवत बसतो. मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या घरापुढे पिवळी टिकली चिकटवली. डॉक्टरीण बघत होती. "अरे वा, तुम्हीसुद्धा?" म्हणाली. तिचे दात घशात घालावेसे वाटले, मग तिनेच ते परत बसवले असते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

यांच्या दिव्याला टायमर बसवून घेतला. थोड्या वेळाने दिवा आपोआप विझतो. हवा असेल तर उठून बटण दाबायचं. जागा असलेला माणूस दाबील, झोपलेला दाबणार नाही. इतकं साधं आहे.

दिवा दोनदा विझला. तिसऱ्यांदा विझल्यावर ते अंधारातच थोडा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "मी जरा पाय मोकळे करून येतो."

बरंच झालं. किती वर्षं सांगते आहे, चाला म्हणून.

२४ ऑगस्ट, रविवार

आमचं घर हिरवं! डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी मुद्दाम फलकाशीच उभी होते.

माणसं सुधारायला लागली आहेत. डॉक्टरीण पिवळी झाली, व्यायामशाळावाला पिवळा. एक शिवणवाली मात्र नुसती लाल नाही, गेल्या वेळेपेक्षा वर गेली आहे. लाज अशी नाहीच. मी तिच्याकडे जाऊन नीट समजावून सांगितलं की इस्त्रीचे कपडे साठव आणि एकदम कर, प्रत्येक कपड्याला इस्त्री नव्याने तापवू नकोस.

ती दातांनी दोरा तोडत म्हणाली, "बाई, गिऱ्हाईक एकदम येत नाही ना. येतं तसं करून द्यावं लागतं."

"मग गिऱ्हाइकाला वेळ द्यायची."

"हो बाई," म्हणाली आणि हसली. वर्गात असंच हसणारी एक तरी मुलगी दरवर्षी असायची. तिला काही सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून बाकडं, दोन खुर्च्या, वर एक लोड. कपडे शिवायला येणाऱ्यांना लोड कशाला हवा?

७ सप्टेंबर, रविवार

आम्ही हिरवे. अध्यक्षही हिरवे! दुपारचा पंखा बंद ठेवतात म्हणे. त्या माणसात इतकी इच्छाशक्ती असेल असं वाटलं नव्हतं. फलकाचा प्रताप.

शिवणवाली आणखी वर.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मुलीचा फोन आला होता. बाबा कुठे आहेत विचारत होती. म्हटलं, फिरायला.

"गेल्या वेळीही फिरायलाच गेले होते. इतका वेळ कुठे फिरतात गं?"

"तब्येतीची काळजी घेतायत. तुला बरं वाटायला हवं."

"तू जात नाहीस बरोबर?"

मी जाऊ? मग बचतीच्या सूचना कोण लिहिणार? तेही तिला सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, घरात अंधार करून बसत जाऊ नकोस." तिलाही समजावून सांगितलं की मी अंधारात बसत नाही. सूचना लिहिताना स्वयंपाकघरातला छोटा दिवा पुरतो. शिकलेल्या मुलीला हेही सांगावं लागतं.

एक मात्र खरं. फिरून आलेले हे हल्ली खुशीत असतात. काल जिना चढताना शीळ घालत होते. आमच्या लग्नाच्या सुरुवातीला घालायचे, तशी. चालण्याचे फायदे मी उगाच सांगत नव्हते.

२१ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी जिन्याखालची मीटरं वाचून बाहेर आले, तर शिवणवालीच्या दारात चपलांचा ढीग. एवढं गिऱ्हाईक? आत टीव्हीवर मॅच लागलेली, कोणीतरी मोठ्याने हसत होतं, मशीन धडधडत होतं. ढिगात एक जोडी अगदी यांच्या चपलांसारखी होती, उजव्या टाचेला तशीच झिजलेली. हल्ली सगळेच एका दुकानातून घेतात. माणसांना स्वतःची आवड म्हणून राहिली नाही.

दार वाजवून आत जावं आणि सगळ्यांसमोर तिला दोन शब्द ऐकवावेत असं मनात आलं होतं. पण गिऱ्हाइकासमोर बोलणं माझ्या शिस्तीत बसत नाही. परत आले.

१२ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरीण हिरवी. व्यायामशाळावाला हिरवा. फलक बघायला समोरच्या इमारतीतली माणसं येतात. उपमुख्याध्यापिकाबाईही आल्या होत्या. "तुमच्याकडे कसं काय जमतं हो?" असं विचारलं. त्यांच्याकडे आता खोल्यांपेक्षा पंखे जास्त चालतात, असं कानावर आलं आहे. मी सांगितलं, "शिस्त." त्यांनी वहीत लिहून घेतलं. बहुधा चुकीचं.

सगळ्या हिरव्यागार फलकावर तळमजल्याची एकच लाल टिकली. वापर इतका वाढला आहे की ढालीच्या दिवशी तीच आपल्याला नडणार, असं मला सारखं वाटतं. सगळी इमारत घाम गाळणार आणि एक बाई वीज ओतणार.

मी ठरवलं आहे. राहत्या घरात धंदा करायला इमारतीच्या नियमांत मुळातच बंदी आहे. आजवर कोणी तो नियम उघडून पाहिला नाही, कारण इथे वाचता येणारी मीच एक. पुढच्या सभेत ठराव आणते: मशीन बंद, इस्त्री बंद. शिवायचं असेल तर बाजारात गाळा घे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ठरावाची नोटीस लावली आणि शिवणवाली वर आली. दारातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, बाजारात गाळा मला परवडायचा नाही. मशीन बंद झालं तर माझं सगळंच बंद होतं."

"मग वापर कमी कर. मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे."

तिने तोंड उघडलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे यांचं पुस्तक आणि विझलेला दिवा होता, आणि पुन्हा मिटलं. "माझ्याच्यानं कमी नाही व्हायचं, बाई," एवढंच म्हणाली.

"का? कोणी हात धरलाय?"

"तसं नाही. कोणाला 'उठा' कसं म्हणू?"

इस्त्रीला आणि मशीनला "उठा" म्हणणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. तिचं डोकंही ठिकाणावर नसावं.

हे त्या वेळी घरातच होते. नोटीस वाचून आले होते. जेवताना एक शब्द बोलले नाहीत. यांचा रुसवा म्हणजे घरात आणखी एक बंद पडलेलं उपकरण. मी लक्ष दिलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

वीज कार्यालयाचा इंजिनिअर पाहणीला आला होता. तरुण आहे, पण शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. सगळी मीटरं पाहिली. आमच्या मीटरपाशी थांबला.

"इथे कोणी राहत नाही का?"

"आम्ही दोघं राहतो."

"नाही, वापर इतका कमी आहे म्हणून विचारलं. बंद घराचं मीटर असं चालतं."

या क्षेत्रातल्या माणसाकडून इतकी मोठी शाबासकी मला अपेक्षित नव्हती. यांना सांगायला म्हणून वर धावत गेले. हे घरात नव्हते. ते आल्यावर सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर बोलला तो."

९ नोव्हेंबर, रविवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

सभा भरली. शिवणवाली शेवटच्या खुर्चीत, मांडीवर अर्धवट शिवलेला कपडा तसाच. मी फलकावरचे आकडे वाचून दाखवले, नियम वाचून दाखवला आणि विचारलं, "ठरावाच्या बाजूने?"

डॉक्टरिणीचा हात वर गेला, पण कोपरापर्यंतच. व्यायामशाळावाल्याने जमिनीकडे बघत हात वर केला. अध्यक्ष आज चक्क जागे होते. त्यांनीही केला. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. शिवणवालीने मांडीवरचा कपडा घडी करायला घेतला.

तेवढ्यात हे उभे राहिले. लग्नापासून आजपर्यंत यांना चारचौघांत उभं राहून बोलताना मी पाहिलेलं नाही. आमच्या मुलीच्या लग्नातसुद्धा आभार मीच मानले होते.

"मला एक दुरुस्ती सुचवायची आहे," ते म्हणाले. "तळमजल्याच्या वापरात माझा वाटा आहे. तो तिच्या नावावरून काढा आणि आमच्या घरावर टाका."

"कसला वाटा?" मी विचारलं.

"मी रोज संध्याकाळी तिथे बसतो. दिवा माझ्या पुस्तकावर असतो. पंखा माझ्याकडे वळवलेला असतो. ती मशीनवर असते, तिला वाराही लागत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही फिरायला जाता."

"जिना उतरेपर्यंत फिरतो," ते म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी हातातल्या आकड्यांच्या कागदाची घडी घातली. खोटं कशाला लिहू? जमीन दुभंगली असती तर बरं, असं वाटलं.

मग डॉक्टरिणीचा अर्धा हात खाली आला. "तसं असेल तर आमच्या दोघी मुलींचंही धरा. अभ्यास तिथेच करतात. घरचा एसी बंद ठेवतो ना आम्ही... टिकलीसाठी."

व्यायामशाळावाला म्हणाला, "मी मॅच बघतो. आमचा टीव्ही काढूनच ठेवलाय."

आणि अध्यक्ष! "दुपारी मी जरा आडवा होतो तिथे," म्हणाले. "लोड चांगला आहे."

शिवणवाली म्हणाली, "अहो, असू द्या. माझा दिवा चालूच असतो. त्यात एक बसलं काय नि सगळे बसले काय, सारखंच की. मलाही करमतं."

ठराव मी मागे घेतला. या लोकांची मला शिसारी आली आहे. रोज त्या बाईच्या उजेडात बसायचं, तिच्या वाऱ्यात झोपायचं, आणि तिचं मशीन बंद करायला हात वर करायचा! इतकी वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, पण अख्खा वर्ग एकाच मुलीच्या पेपरात बघून तिलाच नापास करायला निघालेला पाहिला नव्हता.

आणि हे. माझ्या बाजूने नाही, त्यांच्या बाजूनेही नाही, एकटेच उभे राहिले. लिहिताना पेनचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलं. रागानेच.

१० नोव्हेंबर, सोमवार

माझा हिशेब आजवर चुकलेला नाही आणि चुकीचा हिशेब मी भिंतीवर ठेवत नाही. सकाळी एकेकाला विचारून प्रत्येकाचा वाटा काढला. लोक मोठ्या मनाने कमी सांगत होते, मी वाढवून धरला. शिवणवालीची लाल टिकली काढली. तिच्याकडे मशीन आणि इस्त्री सोडून उरतं काय? हिरवी लावली. डॉक्टरीण पिवळी, व्यायामशाळावाला पिवळा, अध्यक्ष पिवळे.

आमच्या घरापुढे लाल. मीच लावली. जोरात दाबून.

इमारतीचा एकूण आकडा तसाच राहतो म्हणा. कमीच झाला आहे, आणि तो का कमी झाला ते आता शेंबड्या पोरालाही कळेल. एका खोलीत सगळी इमारत बसली म्हणून.

दुपारी यांना सरळ विचारलं, "इथे काय कमी होतं?"

त्यांनी पुस्तकाचं पान मुडपून ठेवलं. मग म्हणाले, "इथे बसलं की तू माझ्याकडे नाही, दिव्याकडे बघतेस."

एवढंच ना? मग दिव्याचाच प्रश्न होता. निदान कारण तरी कळलं. असा माणूस, एवढी साधी गोष्ट तोंडाने सांगायची सोडून तळमजल्यावर जाऊन बसतो! मी लगेच वायरमनला फोन केला आणि टायमर काढून घेतला. तो म्हणाला, "चांगला चालतोय की." म्हटलं, तुम्हाला विचारलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

ढाल आपल्याला मिळाली. रस्त्यातला सगळ्यात कमी वापर. इंजिनिअर आज स्वतः घेऊन आला. त्याला सगळा प्रकार सांगायला मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "मॅडम, आम्ही फक्त एकूण आकडा बघतो." असल्या लोकांच्या हाती आपली वीज आहे. पुढच्या महिन्यापासून भाषणं. उपमुख्याध्यापिकाबाईंनी अभिनंदनाचा फोन केला, त्यातही माझ्या नावात चूक केली.

थंडी वाढली आहे. संध्याकाळी मी यांना म्हटलं, "आज घरीच बसा. दिवा हवा तेवढा जाळा. मी बघणार नाही."

ते बसले. दिवा लावला, पुस्तक उघडलं. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि ठरवल्याप्रमाणे दिव्याकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. सुरुवातीला मला ते जमेना. कुठे बघायचं ते कळेना. केस मागून विरळ झालेत. चष्मा नवा आहे, की जुनाच? त्यांनी पान उलटलं तेव्हा स्वेटरचं कोपर दिव्याखाली आलं. तिथे रफू केलेलं होतं. लोकर रंगाला अगदी जुळणारी, टाके बारीक, जवळून पाहिल्याशिवाय कळू नये असे. हा स्वेटर फाटला होता हेच मला माहीत नव्हतं.

"छान केलंय तिने," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"तिने नाही," ते म्हणाले. "मी केलंय. तिने शिकवलं."

"तुम्ही? तुम्हाला साधं बटण लावता येत नाही."

"आता येतं. शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावतासुद्धा येते." शीळ घालताना असायची तशी खुशी त्यांच्या आवाजात होती. कोपर वळवून त्यांनी टाके मला दाखवले. "हे अगदी पहिलं काम. म्हणून एका बाजूला जरा ओढलं गेलंय. गेल्या हिवाळ्यात शिकलो."

मी म्हटलं, "गेल्या हिवाळ्यात तुम्ही संध्याकाळचे वाचनालयात जात होता."

त्यांनी कोपर खाली घेतलं आणि पुस्तकात डोकं घातलं. दिवा चांगला लख्ख होता. त्यांचं पान बराच वेळ उलटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात स्पर्धा नव्हती. फलक नव्हता. टायमर नव्हता. या घरात तेव्हा दिव्याबद्दल कोणी एक शब्दही काढत नव्हतं.